बंदीतल्या तिसऱ्या

सरांनी मला खोली भाड्याने देताना पहिला प्रश्न विचारला तो हा : "पोहता येतं का?"

त्याआधी मी कोथरूडमध्ये बरीच घरं पाहिली होती. सगळीकडे आधी आडनाव विचारलं जायचं. मी ते सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर एक मऊ हसू यायचं आणि घर नेमकं आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी दिलेलं असायचं. नागपूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या आमच्यातल्या मुलींना हे हसू पाठ असतं. त्यामुळे सरांच्या दारात मी आडनाव जिभेवर तयार ठेवूनच उभी होते. ते तिथेच राहिलं.

"नाही येत," मी म्हणाले.

"का? नागपूरला तलाव नाहीत?"

"आहेत."

"मग?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, तिला आधी आत तर येऊ द्या. पाणी द्या. मग बुडवा."

"बरं, मासे खाता का?" सरांनी विचारलं. मी हो म्हणाले. "झालं तर. सामान कधी आणताय?"

अशी मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले. पहिल्याच दिवशी मी तथागतांचा फोटो भिंतीला लावायला काढला, तर सर न बोलावता हातोडी घेऊन हजर. खिळा ठोकताना म्हणाले, "जपून मारावा लागतो. ही भिंत माझ्यासारखी आहे. वरून टणक, आत नुसती वाळू." तेव्हा मी हसले होते. माझं नाव त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही, किंवा त्यांनी ठेवलं नाही. आजही मी त्यांच्यासाठी 'अहो नागपूर'च आहे.

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गाव सिंधुदुर्गातलं, खाडीकाठचं. आयुष्य पुण्यात गेलं, पण मनातलं घड्याळ गावचंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. सर तो रोज सकाळी गॅलरीत उभं राहून मोठ्याने करायचे. "आज चतुर्थी. तीनला भरती. म्हणजे आता नऊला खाडी रिकामी झाली. अहो नागपूर, ओहोटी लागली, उठा." समुद्र तिथून किती लांब, आणि मी ऑफिसची बस चुकवून आधीच रडकुंडीला आलेली. पण ओहोटी लागली हे कळल्यावर उगाच बरं वाटायचं.

ते सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे खालच्या फळ्याचा खडू त्यांच्या ताब्यात. टाकी कधी धुणार, पाणी कधी येणार, ह्याच्यावरच्या ओळीत भरती-ओहोटीची वेळ. एकदा कुणीतरी खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'कृपया लिफ्टचीही भरती-ओहोटी कळवावी. गेला आठवडाभर ओहोटीच आहे.' सरांनी ते पुसलं नाही. शुद्धलेखन निर्दोष आहे, म्हणाले.

'वायच ऱ्हवा' हे त्यांचं पालुपद. म्हणजे जरा थांबा. रिक्षावाल्याला, दूध उतू जाताना दुधाला, कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटायच्या आत हॉर्न मारणाऱ्या पोरांना, सगळ्यांना तेच. एकदा त्यांनी भर चौकात एका स्कूटरवाल्याला 'वायच ऱ्हवा' म्हटलं. तो म्हणाला, "आजोबा, सिग्नल हिरवा आहे." सर म्हणाले, "हिरवा आहे म्हणून तर सांगतोय. लाल असता तर तुम्ही आपणहून थांबला असता."

आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण असायचं. रविवारी सकाळी ते मला घेऊन मासळीच्या दुकानात जायचे. सुरमई, बांगडा काय घ्यायचं ते काकूंनी सांगितलेलं असे, पण सर आधी तिसऱ्यांच्या घमेल्यापाशी उकिडवे बसायचे. एकेक तिसरी उचलायची, झाकण तिच्यावर ठेवून बघायचं. झाकणाखाली झाकली गेली तर बाजूला.

"ही बालवाडी आहे," ते दुकानदाराला सांगायचे. "ह्यांना परत पाठवा."

"कुठे पाठवू सर? मुठेत सोडू?"

"मुठेत नको. तिथे तुम्ही-आम्ही जगत नाही, त्या काय जगणार?"

"मग घेता का तुम्हीच? दत्तक?"

हे दर रविवारी. गिऱ्हाईकं मागे खोळंबायची. मी तोंड फिरवून कोळंबी बघत उभी राहायचे. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सर स्वतः तिसऱ्या कधीच घ्यायचे नाहीत. मोठ्याही नाहीत.

तिसरी म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं. खाडीच्या वाळूमिश्रित चिखलात पुरून राहणारी शिंपली. ओहोटीला पाणी मागे गेलं की बायका कमरेइतक्या पाण्यात बसतात, हातांनी तळ चाचपतात, टोपली भरली की बाजार गाठतात. सरांची आई तेच करायची. "माझी बी.एस्सी. तिसऱ्यांवर झाली," ते सांगायचे, "आणि एम.एस्सी.सुद्धा. आधी पैशाने, मग विषयाने." आईच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं हा विषय निघाला की ते वाक्य अर्ध्यावर सोडून गॅलरीत जायचे.

पुढे त्यांच्या गावच्या खाडीत तिसऱ्या मिळेनाशा झाल्या. बाहेरचे व्यापारी आले, हाताऐवजी लोखंडी पंजे आले, मोठ्या संपल्यावर लोक बारक्या काढायला लागले. बारक्या गेल्यावर पुढच्या वर्षीच्या मोठ्या कुठून येणार? बायका अख्खी ओहोटी पाण्यात बसायच्या आणि अर्धी टोपली घेऊन घरी यायच्या. सर निवृत्तीनंतर महिन्याआड गावाला जाऊ लागले. म्हणायचे, काही काळ खाडी बंद ठेवा. कुणीच काही काढू नका. उरल्यात त्यांना वाढू द्या, पिलावळ होऊ द्या, मग उघडा.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली तेव्हा सगळ्यात जास्त विरोध केला वासंतीबाईंनी. त्या खाडीवर जाणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. त्यांनी विचारलेला प्रश्न सर मला नेहमी त्यांच्याच बोलीत ऐकवायचे : "सरांनू, खाडी बंद झाली तर आमची चूल बंद. तुमचा काय बंद होतला?"

सरांची पेन्शन चालूच राहणार होती.  शेवटी ते म्हणाले, "बंदी उठेपर्यंत मी तिसरी तोंडात घालणार नाही. ह्या खाडीतली नाही, कुठल्याच खाडीतली नाही."

ऐकायला ही गोष्ट काहीच नव्हती. पण सरांना तिसऱ्या किती आवडतात हे त्या गावाला लहानपणापासून माहीत होतं. वासंतीबाई हसल्या म्हणे, आणि म्हणाल्या, "बरां. तुमी खावक नाय, तर आमी काढूक नाय."

ह्या शब्दावर खाडी बंद झाली. बायका दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला गेल्या, कोकमं फोडली, पापड लाटले. दोन बायका कामासाठी मुंबईला गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

बंदी मोडणाऱ्याला शिक्षा काय, हेही सरांनीच ठरवून दिलं होतं. पैशाचा दंड नको, गरिबाला परवडत नाही. मोडणाऱ्याने सभामंडपात सगळ्यांसमोर उभं राहून काय काढलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि सभा संपेपर्यंत उभंच राहायचं. कुणी बस म्हणायचं नाही. "लाजेपुढे पोलीस लागत नाही," सर म्हणायचे. हे त्यांचं आवडतं वाक्य.

ही शिक्षा एकदाच झाली होती, द्वारकाबाई नावाच्या एका विधवा बाईला. पदरात बांधून मूठभर तिसऱ्या नेताना त्या सापडल्या. सर तेव्हा गावातच होते. द्वारकाबाई उभ्या राहिल्या, सांगितलं, मान खाली घालून सभा संपेपर्यंत उभ्या राहिल्या. त्या दिवशी सभा लांबली, देवळाच्या पत्र्यावरून वाद झाला. सर ही हकिगत पुण्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, चहा घेता घेता, अभिमानाने. "आणि पुढे एकाचीही हिंमत झाली नाही." ऐकताना मलाही तो न्याय फार नेटका वाटला होता.

सरांना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा बंदी अजून चालू होती. त्यांचा मुलगा बाणेरला राहायचा, चांगल्या कंपनीत होता, वडलांवर त्याचं प्रेम होतं आणि वेळ नव्हता. त्याने हौसेने आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर मांडव घातला, मालवणी जेवण सांगितलं. योगायोगाने त्याच आठवड्यात वासंतीबाई आणि गावातल्या आणखी दोघी बचत गटाच्या प्रदर्शनासाठी पुण्यात आल्या होत्या, कोकम आणि पापड घेऊन. सरांनी त्यांना आग्रहाने बोलावलं. तिघी नवी लुगडी नेसून आल्या, सरांना शाल दिली. सर इतके खूश होते की फळ्यावर त्या दिवशी भरतीची वेळ लिहायची राहिली.

जेवायला मी सरांच्या शेजारी बसले होते. वाढपी एक झाकलेलं पातेलं घेऊन आला आणि सरांच्या ताटात त्याने तिसऱ्यांचं सुकं वाढलं. ओलं खोबरं, तिरफळ, वर कोथिंबीर. मुलगा मागून वाकून म्हणाला, "बाबा, सरप्राइज. किती दिवस झाले खाऊन. आज नाही म्हणायचं नाही."

 मला वाटलं, आता सर ताट बाजूला सारतील, किंवा झाकण काढतील खिशातून. त्यांनी एक तिसरी उचलली आणि तोंडात घातली. डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, एकदम लहान झाला होता. मग त्यांनी रिकामी शिंपली उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला जांभळी कड होती. ती कड फक्त त्यांच्या खाडीतल्या तिसरीला असते, हे त्यांनीच मला घमेल्यापाशी बसून कितीदा सांगितलं होतं. त्यांनी अंगठा त्या कडेवरून फिरवला. मला वाटलं, आता तरी.

त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. मग ते भराभर खाऊ लागले, खाली मान घालून, आणि रिकाम्या शिंपल्या ताटाच्या काठाखाली सारत गेले. मी माझ्या ताटात बघत राहिले. जवळच्या माणसाला चोरून खाताना पाहणं फार वाईट असतं. आपणच काहीतरी उघडं पाहिलं, असं वाटतं.

वासंतीबाई कधी उठून आल्या ते कळलं नाही. त्यांच्या हातात स्वतःच्या ताटातल्या दोन शिंपल्या होत्या, मांसासकट, न खाल्लेल्या. त्यांनी त्या सरांच्या ताटाशेजारी ठेवल्या. बारक्या होत्या. बाटलीच्या झाकणाखाली सहज मावल्या असत्या.

"सरांनू, ह्यो खंयच्यो?" त्यांनी शांतपणे विचारलं. ह्या कुठल्या?

सरांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी गिळला.

"रत्नागिरीकडच्या," ते म्हणाले. "केटररने आणल्यात."

वासंतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रत्नागिरीच्यो चलतत काय?"

तेव्हा मला कळलं, आणि सरांनाही कळलं असणार, की खोटं बोलून त्यांनी काहीच वाचवलं नव्हतं. शब्द दिला होता तो कुठलीच न खाण्याचा.   वासंतीबाईंनी दोन्ही शिंपल्या उचलून कनवटीला लावल्या आणि दोघींना घेऊन जिना उतरून गेल्या. त्यांची ताटं तशीच होती, मोदकाला हातही लागला नव्हता. मुलगा माइकवर वडलांबद्दल चार शब्द बोलत होता. लोक टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या त्याने गावातल्या आतेभावाकडून मागवल्या होत्या, हे त्याने त्याच संध्याकाळी हसत सांगितलं. आतेभावाने रातोरात काढून बर्फात घालून पाठवल्या होत्या. सर म्हणाले, "तुला बंदी माहीत नव्हती?"

"बाबा, चार शिंपल्या! तुमच्यासाठी आणल्या. आणि तुम्ही खाल्ल्यात की आवडीने."

सर उठून गॅलरीत गेले.

नंतरचे काही आठवडे आमच्या घरात कुणी आजारी असल्यासारखे गेले. गॅलरीत तिथीचा हिशेब होईना. फळ्यावर फक्त टाकी धुण्याची वेळ. चौकात कुणी कितीही हॉर्न मारो, सर गप्प. रविवारी काकूंनी पिशवी पुढे केली तर म्हणाले, "आज तू जा." सोसायटीत काही जणांना हे बरंच वाटलं. "सर आता नॉर्मल झालेत," तिसऱ्या मजल्यावरचे काका मला लिफ्टमध्ये म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि रागाचं कारण सांगता येईना.

काकू एकदा ताट वाढता वाढता म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी ह्यांच्या बढाया ऐकल्या. आता गप्प बसलेत तर घास उतरत नाही."

मग एका शुक्रवारी सरांनी माझं दार वाजवलं. हातात टोपी होती, ती ते गोल गोल फिरवत होते.

"अहो नागपूर, उद्या-परवा सुट्टी आहे ना तुम्हाला? माझ्याबरोबर गावाला चला."

"मी? कशाला सर?"

"हिचे गुडघे चालत नाहीत. मुलाला समजत नाही. आणि एकटा गेलो तर मी वाटेत उतरेन."

शनिवारी सकाळी आम्ही स्वारगेटहून एस.टी. पकडली. घाटात एका ठिकाणी गाडी चहाला थांबली तेव्हा सर खाली उतरले आणि समोर पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती तिच्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते परत चढले.

रविवारी सकाळी सभामंडपात सगळं गाव जमलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मी खांबाला टेकून बसले. सर मध्ये जाऊन उभे राहिले. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला उभं राहायचं कसं ते ठाऊक असतं, पण हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना.

"मी तिसऱ्या खाल्ल्या," ते म्हणाले. "आपल्या खाडीतल्या. पहिल्या घासाला ओळखल्या. ओळखून पुढच्या खाल्ल्या. आणि वासंतीबाईंनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

कुणी चकित झालं नाही. मुलाचा आतेभाऊ आधीच तिथे उभा राहून, कुणासाठी काढल्या ते सांगून गेला होता. "आमका ठावक आसा," वासंतीबाई म्हणाल्या. आम्हाला माहीत आहे. एवढंच म्हणून त्यांनी पुढचा विषय काढला, जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याचा.

सभा चालू राहिली. रस्ता झाला, मग अंगणवाडीच्या छपरावर बोलणं आलं, मग कुणाच्या गुरांनी कुणाचं शेत खाल्लं त्यावर. सर मध्ये उभे होते. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांच्याच शिक्षेत लिहिलेलं होतं, कुणी बस म्हणायचं नाही. कुणी म्हटलं नाही. मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं, आणि मी उठू शकत नव्हते, कारण मग सर ज्यासाठी उभे होते तेच वाया गेलं असतं. मी जमिनीवरची मुंगी बघत बसले. माझ्याइतकंच बाकीचेही कुठेतरी दुसरीकडे बघत होते. शिक्षा देणाऱ्यांनाही ती बघवत नाही, हे सरांना शिक्षा ठरवताना कळलं नसावं.

परतीची गाडी दुपारची होती आणि थांबा द्वारकाबाईंच्या घरासमोर. ऊन फार, म्हणून त्यांनीच आम्हाला ओसरीवर बसायला सांगितलं आणि चहा आणला. सर कप हातात धरून म्हणाले, "द्वारकाबाई, त्या दिवशी तुम्हाला उभं केलं..."

त्यांनी हात वर करून थांबवलं. आवाज चढवला नाही. "माजी चेडू गरवार होती तेव्हा. तिका डोहाळे लागले होते तिसऱ्यांचे. कोणासाठी काढलंय, ता कोणीच इचारूक नाय." मुलगी गरोदर होती, आणि कुणासाठी काढल्या हे कुणी विचारलंच नाही. मग त्यांनी सरांकडे सरळ पाहिलं. "तुमका कसले डोहाळे लागले होते, सरांनू?"

सरांनी कप खाली ठेवला. मी रस्त्याकडे बघत होते, गाडी लवकर येऊ दे म्हणून. द्वारकाबाई उठून आत गेल्या आणि सरांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.  परतीच्या गाडीत कराड मागे पडल्यावर सर म्हणाले, "मी ती गोष्ट किती लोकांना सांगितली असेल हो?"

मी म्हणाले, "आठवत नाही, सर." मला बरेच जण आठवत होते.

बंदी पुढेही टिकली, ती बायकांमुळे. त्यांनी सरांना बंदीच्या समितीतून काढून टाकलं आणि शिक्षा बदलली. आता मोडणाऱ्याला आधी विचारतात, कुणासाठी काढल्या. पुढच्या वर्षी खाडी उघडली, थोडी थोडी, एका वेळी एकच बाजू, आणि फक्त हाताने. टोपल्या पुन्हा भरू लागल्या, असं सरांच्या बहिणीने फोनवर सांगितलं. सरांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी ते सकाळी गॅलरीत बराच वेळ उभे होते. मी दारातून पाहिलं आणि मागे फिरले.

आणि मग एके दिवशी वासंतीबाईंचा फोन आला. फोन मी उचलला. पलीकडच्या खाडीवरच्या बायकांना आपल्याकडेही बंदी करायची होती, त्यांना कुणीतरी शिकलेला माणूस समजावायला हवा होता.

"सरांका इचार, येतले काय?"

सर फोनवर आले. "मी काय सांगू त्यांना, वासंतीबाई? माझ्या तोंडाने?"

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे उत्तर मला ऐकू आलं. "सगळा सांगा. खाल्ल्यात, ता पण."

आता सर वर्षातून तीन-चार गावांत जातात. मी कोथरूड सोडून दुसरीकडे राहायला गेले, तरी एकदा त्यांच्याबरोबर गेले. शाळेच्या व्हरांड्यात बायका बसल्या होत्या, पन्नासेक असतील, काहींच्या कडेला पोरं. ह्या पुण्याच्या माणसाला आमच्या खाडीत काय कळतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मला वाटलं होतं, सर सुरुवात तरी शिंपलीच्या पिलावळीपासून करतील, मग हळूच तिकडे वळतील.

सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. आमच्या गावची खाडी बंद करा असं मी सांगितलं. बायकांनी ऐकलं, मजुरीला गेल्या, उपास काढले. आणि बंदी चालू असताना मी तिसऱ्या खाल्ल्या. विचारलं तेव्हा खोटं बोललो. हे आधी ऐका, मग माझं बाकीचं ऐकायचं की नाही ते ठरवा."

 मी मान खाली घातली. इतक्या वेळा सांगूनही त्यांचा आवाज त्या वाक्यावर चिरकतच होता.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने पदराआडून विचारलं, "खरां सांगा हां, सरांनू. चव कशी होती?"

बायका फिसकन हसल्या, मग सगळ्याच हसल्या. सर हसले नाहीत. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते. ते हसू ओसरेपर्यंत थांबले.

"उत्तम," ते म्हणाले.